फलक नको, माणूस उभा करा

दरवर्षी जूनचा शेवटचा किंवा जुलैचा पहिला रविवार येतो, सह्याद्रीतल्या एखाद्या धबधब्यात कोणीतरी वाहून जातं, संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ घराघरांत पोचतो आणि सोमवारी ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, बंद करा सगळे धबधबे, लोकांना अक्कल नाही. दुसरी म्हणते, डोंगर काय कोणाच्या बापाचे आहेत? चार बेपर्वा माणसांची शिक्षा सगळ्यांना का? तिसरी बाजू जुन्या ट्रेकर मंडळींची. त्यांच्या मते हे सगळं इन्स्टाग्रामचं पाप आहे, तेव्हा जागांची नावं सांगणंच थांबवा. मंगळवारी जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो आणि वाद पुढच्या जूनपर्यंत गुंडाळून ठेवला जातो.

तिन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. लोकांनी धबधब्याला जावं की न जावं, हा प्रश्न उरलेलाच नाही. पुण्या-मुंबईची वाढलेली वस्ती, दारात उभ्या दुचाक्या आणि घाटमाथ्यापर्यंत गेलेले डांबरी रस्ते यांनी त्याचं उत्तर कधीच देऊन टाकलंय. खरा प्रश्न वेगळा आहे. ओढ्याचं पाणी चढू लागलं की ‘आता मागे फिरा’ असं सांगणारा, आणि ज्याचं ऐकावंच लागेल असा माणूस तिथे उभा आहे का? सरसकट बंदी असा माणूस उभा करत नाही. उलट ओळखीचे धबधबे बंद करून ती गर्दीला आडबाजूच्या, धड वाट नसलेल्या धबधब्यांकडे ढकलते. म्हणून शहरांजवळचे हे कमी माहितीचे धबधबे पावसाळ्यातच, मोजक्या संख्येने, गावाच्या ताब्यात, रीतसर उघडे ठेवावेत. पाण्याचं लक्षण ठीक दिसणार नाही त्या दिवशी ते बंद करण्याचा अधिकारही त्याच गावाला द्यावा.

हे पटण्यासाठी आधी पाणी कसं चढतं ते बघावं लागेल. घाटमाथा म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर. वर सपाट कातळ, त्यावर जेमतेम वीतभर माती. जुलैपर्यंत ती माती पाणी पिऊन तट्ट झालेली असते, त्यामुळे पुढचा पाऊस मुरत नाही, थेट धावतो. एखाद्या लहान धबधब्याचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागातलं पावसाचं पाणी त्यात येतं तो भाग, एक चौरस किलोमीटर धरा. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तिथे पाच कोटी लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर. त्यातलं दोन तृतीयांश जरी वाहिलं, तरी मिनिटाला पन्नासहून जास्त टँकर एका चिंचोळ्या ओढ्यातून खाली येतात. आणि हा पाऊस पडतो कुठे, तर कड्याच्या मागे, वरच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर. खाली कुंडाशी उभ्या असलेल्याला तो दिसतही नाही. त्याच्या डोक्यावर त्या वेळी ऊन असू शकतं. २५ जुलै २०२४ला ताम्हिणीत २४ तासांत ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. हवामान खात्याच्या वर्गवारीत २०४.५ मिलिमीटरच्या वर ‘अत्यंत मुसळधार’ सुरू होतो, यावरून अंदाज यावा.

पाणी चढण्याआधी खुणा देतं. आधी रंग बदलतो, नितळ पाणी तांबूस होतं. मग पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागतात. ओढ्याचा आवाज जड होतो, आतून दगड घरंगळल्याची घरघर ऐकू येते. पातळी वाढलेली दिसते ती सगळ्यात शेवटी. रंग बदलल्यापासून ओढा ओलांडण्याजोगा न राहीपर्यंत पुष्कळदा दहा-पंधरा मिनिटंच मिळतात. वाडीवरचा माणूस पहिल्या खुणेलाच उठतो. शहरातून आलेल्याला वाटतं, आता कुठे धबधब्याला जोर आला, खरी मजा आता आहे. त्यात पाण्याचं गणित सरळ नाही. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. त्यामुळे मघाशी घोट्याएवढ्या पाण्यातून हसत ओलांडलेला ओढा परतताना गुडघ्याला लागला, तर तो तोच ओढा राहिलेला नसतो. ३० जून २०२४ला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एका कुटुंबाची माणसं खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी होती. एक बाई आणि चार मुलं, असे पाच जण गेले. संकटात एकमेकांना धरणं ही माणसाची उपजत वृत्ती आहे. पण शेवाळलेल्या कातळावर, वाहत्या पाण्यात, एकाचा पाय सुटला की त्याचा भार सगळ्यांवर येतो. तो व्हिडिओ पाहून ‘अक्कल नव्हती का’ असं लिहिणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना पाण्याचा रंग बघायचा असतो हे ठाऊक होतं?

कुंडाचं तंत्र आणखी निराळं. धार पडते तिथलं पाणी फेसाळ असतं, त्यात हवा मिसळलेली असते. अशा पाण्यात अंग नेहमीसारखं उचललं जात नाही, हातपाय मारूनही पकड मिळत नाही. धारेखाली गेलेलं पाणी तळातून गोल फिरून पुन्हा धारेकडेच येतं आणि माणसालाही तसंच फिरवतं. तळाशी रांजणखळगे, म्हणजे पाण्याने कातळात कोरलेले खोल खड्डे, असले तर पाय अडकतो. विहिरीत किंवा तलावात वाढलेला पट्टीचा पोहणारा इथे फसतो तो यामुळे. शिवाय वरच्या काठावरून पाण्याबरोबर दगड येतात. थेट धारेखाली डोकं धरून उभं राहण्याची जी हौस आहे, तिच्यात पाण्याइतकाच धोका या दगडांचा असतो.

बुडणाऱ्याच्या हातात चार-पाच मिनिटं असतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक हाकेला धावून येतात, रात्री-अपरात्री दोर टाकून दरीत उतरतात, त्यांचं काम मोठंच आहे. पण ताम्हिणीतल्या एखाद्या घळीत त्यांना पोचायला तास लागतात. फोनला रेंज नाही, म्हणून बातमी गावात पोचायलाच अर्धा-पाऊण तास जातो. बाहेरून येणारी मदत अडकलेल्यांना सोडवते, पाय मोडलेल्याला खाली आणते. बुडालेल्याच्या बाबतीत बहुतेक वेळा तिच्या हाती मृतदेहच लागतो. तेव्हा जी काही सुरक्षा असेल ती जागेवर, आधीपासून हजर असायला हवी. माझा पुढचा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे.

बंदीची बाजू पोकळ आहे असं मात्र नाही. बंदी मागणाऱ्यांचे तीन मुद्दे वजनदार आहेत. पहिला, पोलीस आणि वनरक्षक मोजके आहेत, जागा शेकडो आहेत. प्रत्येक ओढ्यावर माणूस कुठून आणणार? दुसरा, वेडं धाडस एकाचं असतं आणि जीव धोक्यात जातो तो त्याला काढायला उतरलेल्या दुसऱ्याचा. तिसरा मुद्दा गावांचा, आणि तो शहरातल्या चर्चेत फारसा ऐकूच येत नाही. जून-जुलै हे भातलावणीचे दिवस. बांधावर गाड्या लागतात, खाचरं तुडवली जातात, ओढ्यात दारूच्या बाटल्या फुटतात, लावणीला वाकलेल्या बायकांसमोर टोळकी धिंगाणा घालतात. रस्ता इतका तुंबतो की आजाऱ्याला तालुक्याला नेता येत नाही. आमच्याकडे कोणी येऊच नये असं एखाद्या गावाने म्हटलं, तर त्याला स्वातंत्र्याचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण या तिन्ही दुखण्यांवर बंदी हे औषध लागू पडलं आहे का? खारघरचा पांडवकडा घ्या. स्टेशनवरून रिक्षाने पोचता येईल इतका शहराच्या कुशीतला धबधबा. तिथे वर्षानुवर्षं बंदी आहे, फलक आहेत, नाकाबंदी लागते, माणसं पकडली जातात. तरीही ३ ऑगस्ट २०१९ला चार महाविद्यालयीन मुली तिथे वाहून गेल्या. १८ जुलै २०२१ला खारघरच्या डोंगरात ११६ माणसं फुगलेल्या ओढ्यापलीकडे अडकली, त्यांत ७८ महिला आणि ५ लहान मुलं होती. अग्निशमन दलाने शिड्या टाकून त्यांना अलीकडे आणलं. ती पलीकडे गेली कशी? फाटकावर पोलीस असला की लोक घरी परतत नाहीत. दोनशे मीटर अलीकडून झुडपांतून डोंगरावर चढतात. रुळलेली वाट सुटते, ओढा भलत्याच ठिकाणी ओलांडला जातो आणि आत किती माणसं आहेत हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणजे बंदीने माणसं कमी झाली असतील-नसतील, आत गेलेल्यांचा धोका मात्र नक्की वाढला.

कुंडमळ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. १५ जून २०२५ला तळेगावजवळ इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला, चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. फलक वाचून शंभरावा माणूस परत फिरेल, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने रविवारची गर्दी पाहिलेली नाही. पुढचे नव्व्याण्णव पुलावर उभे राहून फोटो काढत असतात आणि त्याच्या लेखी तोच सुरक्षेचा पुरावा असतो.

कायद्याच्या अंगानेही ही बंदी लंगडी आहे. हे आदेश निघतात ते पूर्वीच्या कलम १४४खाली, म्हणजे १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली. ही तरतूद तातडीच्या धोक्यासाठी आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. हे कलम पुन्हा पुन्हा, यांत्रिकपणे वापरणं हा अधिकाराचा गैरवापर ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये काश्मीरमधल्या निर्बंधांच्या प्रकरणात सांगितलं आहे. पावसाळा दरवर्षी ठरल्या वेळी येतो. जे दर जुलैला घडतं त्याला तातडीचं कसं म्हणायचं? त्यातून हे आदेश बऱ्याचदा जिल्हा किंवा तालुका पातळीवर निघतात. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणी आहे आणि पूर्व टोकाला वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पावसाचं इंदापूर. हवामान खातं घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं ते उगाच नव्हे. संरक्षित क्षेत्रांची गोष्ट वेगळी; तिथे वनखात्याला प्रवेश रोखण्याचा कायमचा अधिकार आहे. पण १९७२च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्यात पर्यटनासाठी परवाना देण्याची तरतूदही त्याच पानावर आहे. मर्यादित प्रवेशाला नवा कायदा लागत नाही. असलेला वापरायची इच्छा लागते.

आता तिसऱ्या बाजूकडे, म्हणजे नावं लपवा म्हणणाऱ्यांकडे. त्यांची तळमळ खोटी नाही. ताम्हिणीतली प्लस व्हॅली किंवा भिऱ्याजवळचं देवकुंड दहा-पंधरा वर्षांपूर्वी मोजक्याच ट्रेकरना ठाऊक होतं. एकदा नकाशावर खूण पडली, चार व्हिडिओ आले आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे रांगा लागल्या. मग दुर्घटना, मग बंदी, मग लोकांचा मोर्चा पुढच्या अनाम ओढ्याकडे. हे चक्र खरंच आहे. पण ते नावं सांगितल्यामुळे फिरतंय की प्रत्येक जागा ‘मोकाट’ आणि ‘पूर्ण बंद’ या दोनच अवस्थांत ठेवल्यामुळे? उपग्रहाच्या नकाशावर पांढरी रेघ कोणालाही दिसते. लपवल्याने फार तर दोन वर्षं मिळतात, आणि त्या दोन वर्षांत तिथे जाणाऱ्याला कसलीच माहिती मिळत नाही. ओढा कुठे ओलांडायचा, कुठली वाट पावसात सुटते, गावात कोणाला विचारायचं, काही नाही. अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, नक्की कुठे? ‘ताम्हिणीत, तिसऱ्या वळणानंतर, डाव्या हाताला’ एवढ्यावर बचाव पथकाने काय करायचं? शिवाय ज्या धबधब्याला आपण अज्ञात म्हणतो त्याच्या पाण्यावर खालची वाडी पिढ्यान्‌पिढ्या जगते आहे. ते गुपित राखायचं की नाही हे तिथली माणसं ठरवतील, आठवड्यातून एकदा येणारे आपण नव्हे.

मग करायचं काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. २५ जानेवारी २००५ला वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळपास तीनशे माणसं मेली. न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला गेला. वाट, पायऱ्या, दुकानं, प्रवेश, पशुबळी अशा सगळ्याचा विचार झाला आणि यात्रेची व्यवस्था बदलली. काळूबाईची यात्रा कायमची बंद करा, असं म्हणायला कोणी धजावलं का? आषाढीला चंद्रभागेत लाखो लोक उतरतात तेव्हा प्रशासन काय करतं? उजनीतून पाणी किती सोडायचं याचं नियोजन करतं, होड्या ठेवतं, जीवरक्षक उभे करतं. नदीत उतरू नका असा आदेश काढून मोकळं होत नाही. वारकऱ्याला व्यवस्था आणि डोंगरात जाणाऱ्याला दंडुका, असा फरक आपण मनाशी पक्का केलाय, कारण एकाचं जाणं आपल्याला गरज वाटते आणि दुसऱ्याचं चैन. आठवडाभर दोन खोल्यांत आणि लोकलच्या गर्दीत काढणाऱ्या माणसाला रविवारी मोकळ्या पाण्याशी जावंसं वाटणं ही चैन आहे का, याचा एकदा विचार व्हावा. ज्यांना रिसॉर्ट परवडतं ते बंदीच्या काळातही धबधबा खिडकीतून बघत असतातच.

गोव्यात तर हा फरक एकाच सरकारच्या दोन वागण्यांत दिसतो. किनाऱ्यांवर बुडणाऱ्यांची संख्या फार वाढली तेव्हा, २००८ पासून, सरकारने खासगी संस्थेमार्फत जीवरक्षक नेमले. लाल बावटा लागला की पाण्यात जायचं नाही, दोन बावट्यांच्या मध्येच पोहायचं, शिट्टी वाजली की बाहेर. समुद्र बंद झाला नाही. पण ९ जुलै २०२३ला नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले तेव्हा अभयारण्यांतल्या धबधब्यांना सरसकट टाळं लागलं. पुढच्याच रविवारी दूधसागरकडे रुळांवरून चाललेल्या ट्रेकरना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या आणि देशभर त्याचं हसू झालं. वर्ष उलटलं, ७ जुलै २०२४ला सत्तरीतल्या पाली धबधब्यावर नदी फुगल्याने ऐंशीच्या आसपास माणसं अडकली. जे शहाणपण समुद्रावर सुचलं ते डोंगरात का सुचू नये?

वर दिलेल्यांपैकी या तारखा पंचांगात पाहा. १८ जुलै २०२१, ९ जुलै २०२३, ३० जून २०२४, ७ जुलै २०२४, १५ जून २०२५. सगळे रविवार. म्हणजे ‘इतकी माणसं कुठून आणायची’ या प्रश्नाचा आकार आपण समजतो त्यापेक्षा बराच लहान आहे. कडक पहारा चार महिने रोज नको. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून चाळीसेक दिवस पुरतो.

व्यवस्था साधी आहे, पण तिचे बारकावे चुकले तर ती नुसती तिकीट-खिडकी होऊन बसते. तपासणीचा नाका हवा गावाच्या शेवटच्या घराशी, धबधब्याशी नव्हे, म्हणजे परत पाठवलेल्याला आडवाट सापडत नाही. तिथे नाव, फोन, गटातली संख्या लिहायची आणि परतताना खोडायची. तीन वाजता वहीत किती नावं उरली यावरून आत किती माणसं आहेत ते कळतं. आत जायची शेवटची वेळ अकरा, बाहेर यायची तीन. दारू घेऊन किंवा पिऊन आलेल्याला प्रवेश नाही, सपाता घातलेल्यालाही नाही. दिवसाची संख्या कुंडाशी उभं राहायला जागा किती आहे त्यावर ठरावी. बहुतेक ठिकाणी ती दोनशेच्या वर जाऊ नये.

ओढ्याच्या पहिल्या ओलांडणीशी पक्क्या खडकावर रंगाचे तीन पट्टे मारावेत. पांढऱ्यापर्यंत पाणी असेल तर वाट चालू. पिवळ्याला लागलं की नवीन कोणी आत नाही आणि आतल्यांनी परत फिरायचं. तांबड्याला लागलं की जो जिथे आहे तिथेच उंचावर थांबेल, ओलांडणार नाही. पट्टे कुठे मारायचे हे अभियंत्याच्या जोडीने गावातल्या म्हाताऱ्याला विचारून ठरवावं. कुठल्या दगडाला पाणी लागलं की गुरं अलीकडे आणायची हे त्याला पाठ असतं. एक माणूस वरच्या सड्यावर किंवा पाणलोट दिसेल अशा जागी हवा, हातात वॉकी-टॉकी आणि शिट्टी. मोबाइलवर विसंबून चालत नाही. कुंडात धारेपासून दहा-पंधरा मीटर अलीकडे दोर लावावा, त्यापलीकडे कोणी जायचं नाही. काठावर फेकदोर घेतलेला एक जण हवा, पंधरा-वीस मीटरचा तरंगणारा दोर पिशवीत भरलेला. ओलांडणीवर आधाराचा दोर लावायचाच असेल तर तो प्रवाहाला काटकोनात न लावता पलीकडच्या काठाला खालच्या अंगाला तिरका लावतात, म्हणजे घसरलेला माणूस पाण्याच्याच जोराने कडेला सरकतो. आणि स्वतःला दोराने बांधून कोणी पाण्यात उतरायचं नाही. हौशी गटांत ही चूक फार दिसते. बांधलेला माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो. पाठपिशवीचा कमरपट्टा ओलांडताना सोडायचा. वाहून गेलंच तर पाय पुढे करून पाठीवर तरंगायचं, उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कारण दगडांच्या फटीत पाय अडकला की पाणी माणसाला पुढे वाकवून बुडवतं. ही वाक्यं नाक्यावर दोन मिनिटांत सांगून होतात. फलकावर लिहिली तर कोणी वाचत नाही.

खर्चाचा हिशोबही भयंकर नाही. गर्दीच्या चाळीस दिवसांना सहा माणसं, दिवसाला हजार रुपये: दोन लाख चाळीस हजार. उरलेल्या ऐंशी दिवसांना दोन माणसं, आठशे रुपये: एक लाख अठ्ठावीस हजार. माणशी पन्नास रुपये आणि गर्दीच्या दिवशी दोनशे माणसं धरली तर चाळीस दिवसांत चार लाख जमतात. दोर, प्रथमोपचार, स्ट्रेचर आणि प्रशिक्षण यांच्यासाठी पहिल्या वर्षी सरकारने हातभार लावला की पुरे. लोणावळ्याच्या लायन्स आणि टायगर पॉइंटवर काचेच्या स्कायवॉकसाठी ३३३ कोटींचा प्रकल्प मंजूर होतो, तिथे प्रत्येक धबधब्यामागे काही लाख नाहीत म्हणणं पटत नाही.

कास पठारावर हे घडलंय. भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या, दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, शुल्क. ते सगळं सुरळीत झालं असं नाही. शनिवार-रविवारी मर्यादा ताणली गेल्याच्या तक्रारी आल्या, पठाराला कुंपण घातलं, त्यावर आक्षेप आले, ते काढावं लागलं. पण भांडायला एक वही आहे, एक समिती आहे, एक आकडा आहे. बंदीत यातलं काहीच नसतं.

निसर्गप्रेमींचा आक्षेप इथे येतो आणि तो मला सगळ्यात कठीण वाटतो: एकदा शुल्क सुरू झालं की पाठोपाठ सिमेंटच्या पायऱ्या, रेलिंग, सेल्फी पॉइंट आणि भज्यांच्या टपऱ्या येणार. माथेरानकडे पाहिलं तर याला अर्धं उत्तर मिळतं. तिथे माणसांना मज्जाव नाही, मोटारीला आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून पुढे चाला, हा एक नियम इतकी दशकं टिकला, कारण त्यावर गावाचं पोट आहे. धबधब्यांनाही तसाच एकच कठोर नियम लावता येईल: नाक्याच्या पुढे कुठलंही पक्कं बांधकाम नाही आणि विक्री नाही. भजी गावात खा. रेलिंगने तसाही घातच होतो. ओल्या रेलिंगला टेकून लोक काठावर बिनधास्त होतात. तरी लोभापुढे हा नियम किती टिकेल याची खात्री कोणी देऊ शकणार नाही, हे मान्य.

आणि लोक ऐकणार का? पोलिसाला चुकवायला मजा येते, वाटाड्याला चुकवून आत गेलं तर वाट सापडत नाही, हा व्यवहारातला फरक आहे. व्यावसायिक ट्रेक नेणाऱ्यांनाही तो लागू पडतो. शनिवारी रात्री शहरातून चाळीस-पन्नास जणांची बस निघते, तिच्याबरोबर विशीतली दोन पोरं ‘लीडर’ म्हणून असतात. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१मध्ये आलं, त्यात नोंदणी आहे, प्रशिक्षणाच्या अटी आहेत. पण पहाटे सहा वाजता घाटाच्या पायथ्याशी ती नोंदणी मागणारं कोणी नसतं. नाक्यावरचा माणूस ती मागेल, आणि नसेल तर बस परत जाईल.

बंदी प्रशासनाला का आवडते, हे मात्र उघड बोललं पाहिजे. बंदी असताना कोणी मेलं तर दोष मेलेल्याचा. त्याने आदेश मोडला. जागा रीतसर उघडी ठेवली आणि तिथे कोणी मेलं, तर खुलासा अधिकाऱ्याला द्यावा लागतो. फाइलीच्या दृष्टीने बंदी सुरक्षित आहे. म्हणूनच व्यवस्था उभारताना समितीला आणि वाटाड्यांना विम्याचं संरक्षण, बंद करण्याचा निर्णय घेण्याचा लेखी अधिकार आणि तो निर्णय पाळला तर खटल्यापासून अभय, या तीन गोष्टी आदेशातच लिहिलेल्या हव्यात. नाहीतर पहिल्या अपघातानंतर वाडीवरच्या ठाकर किंवा कातकरी पोरालाच पोलीस ठाण्यात बसवतील आणि दुसऱ्या वर्षी कोणी नाक्यावर उभं राहायला तयार होणार नाही.

ज्या गावाला हे नकोच असेल, तिथे ग्रामसभेचा ठराव प्रमाण मानून जागा बंद ठेवावी, आणि ती बंदी मग प्रामाणिकपणे राबवावी. बाकी ठिकाणी मे महिन्यातल्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत पूररेषा आणि नालेसफाईबरोबर हाही विषय घ्यावा. मावळ, मुळशी, माणगाव, कर्जत अशा तालुक्यांत पहिल्या वर्षी प्रत्येकी एकच धबधबा घ्यावा, फार गाजलेला नको, कमी गर्दीचा. सप्टेंबरअखेर तिथल्या वह्या आणि शेजारच्या बंदी असलेल्या धबधब्याच्या पोलीस नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात.